«माझे राज्य ह्या जगाचे नाही» : मग हार कोणाला आणि का?

केळबाग
आमच्या वसईच्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ख्रिस्तराजाचा सण नुकताच झाला. कॅथलिक उपासना-वर्षाचा तो शेवटचा रविवार. प्रवचन योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायावर होते: रोमन अधिकारी पिलातासमोर उभा असलेला येशू म्हणतो, «माझे राज्य ह्या जगाचे नाही.» प्रवचन चांगले झाले. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर सूचना वाचल्या गेल्या आणि मग येत्या पालिका निवडणुकीस उभे राहू इच्छिणाऱ्या एका गृहस्थांना वेदीच्या पायरीजवळ बोलावून शाल आणि हार घालण्यात आला. ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती देण्यात आला आणि चर्चकडे येणाऱ्या रस्त्यावर आपल्या प्रयत्नांनी उभ्या राहिलेल्या हायमास्ट दिव्याविषयी ते सात-आठ मिनिटे बोलले. मिस्साभर ते पहिल्या बाकावर बसले होते. एरवी तेथे बसणाऱ्या दोन वृद्ध स्त्रियांना त्या दिवशी तिसऱ्या बाकावर जावे लागले, आणि त्यांपैकी एकीला ऐकू कमी येते.

मी धर्मग्राम परिषदेचा सभासद आहे. पुढच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, «अहो, प्रभूनेच सांगितले आहे ना, माझे राज्य ह्या जगाचे नाही? मग या जगातल्या खुर्च्या-बाकांचे तुम्ही इतके मनाला का लावून घेता?» मी गप्प झालो, कारण नेमके तेच वचन मी माझ्या बाजूने म्हणायला निघालो होतो. एकच वाक्य हार घालण्याच्याही उपयोगी पडते आणि हार नाकारण्याच्याही, असे कसे होऊ शकते? हे वचन आपल्याला सत्तेकडे पाठ फिरवायला सांगते, की सत्तेकडे डोळे उघडे ठेवून पाहायला सांगते? जाणकारांनी लिहावे.

नास्तिक_पण_वाचक
दिवा लागतो का, ते आधी सांगा.

केळबाग
लागतो. खांबावर माणसाच्या उंचीला त्यांचे छायाचित्र आणि नाव असलेला फलकही आहे, आणि उजेड सर्वांत जास्त त्याच्यावरच पडतो.

शब्दवेडा
मी ख्रिस्ती नाही, परंतु भाषेच्या बाजूने एक निरीक्षण मांडतो. सारा गोंधळ «जगाचे» या शब्दातल्या «चे» मुळे होतो आहे. मराठीत षष्ठी मालकी दाखवते, नाते दाखवते आणि मूळस्थानही दाखवते. धागाकर्त्यांच्या नावावरूनच उदाहरण घेतो. वसईची केळी दादरच्या बाजारात मिळतात. ती दादरची नसतात, पण दादरमध्ये असतात, आणि दादरमधली माणसेच ती खातात. त्यांना «दादरची नाहीत» असे म्हटल्याने ती अदृश्य किंवा केवळ मानसिक होत नाहीत.

मूळ ग्रीकमध्ये या ठिकाणी «एक्» (ek) हे अव्यय आहे आणि त्याचा अर्थ «मधून, पासून» असा होतो. म्हणजे, माझे राज्य या जगातून उगवलेले नाही, त्याला अधिकार येथून मिळालेला नाही. त्याच वचनाच्या शेवटी मराठी भाषांतरात «माझे राज्य येथले नाही» असे येते, आणि तो «येथले» हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. हे राज्य कोठे आहे हा प्रश्न येथे नाही. ते कोठून आले आहे, हा आहे. तुमच्या ज्येष्ठ सभासदांनी मूळस्थानाचे वाक्य पत्ता म्हणून वाचले.

मोहरीचा_दाणा
शब्दवेडा यांचे केळ्यांचे उदाहरण मी आमच्या रविवारच्या शाळेत वापरणार आहे. आम्ही अहमदनगरचे प्रॉटेस्टंट. हार-तुऱ्यांचा प्रकार आमच्या मंडळ्यांतही असतो. वेदी नसल्यामुळे तो पुलपिटाजवळ, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठाजवळ, होतो, एवढाच फरक.

हे वचन एकटे वाचण्यापेक्षा पूर्ण वाचावे. «माझे राज्य ह्या जगाचे असते तर माझ्या सेवकांनी लढाई केली असती», असे येशू लगेच पुढे म्हणतो. म्हणजे दोन राज्यांतला फरक त्याने स्वतःच सांगितला आहे, आणि तो आकाश आणि जमीन असा नसून टिकून राहण्याच्या साधनांचा आहे. त्याच अध्यायात, काही वचने आधी, पेत्राने महायाजकाच्या दासाचा उजवा कान तरवारीने कापला आहे आणि येशूने त्याला तरवार म्यानात घालायला लावली आहे. सेवक लढायला तयार होता. धन्याने त्याला थांबवले. पिलातासमोरचे वाक्य ही त्या रात्रीच्या प्रसंगाची फोड आहे.

सत्ता त्याला याआधीही देऊ केली गेली होती. अरण्यात सैतानाने जगातली सर्व राज्ये आणि त्यांचे वैभव दाखवले. पाच हजारांना भाकरी मिळाल्यावर लोकच त्याला बळजबरीने राजा करायला निघाले, तेव्हा तो एकटा डोंगरावर निघून गेला. मला हा दुसरा प्रसंग अधिक अवघड वाटतो. सैतानाला नाही म्हणणे एक वेळ सोपे, पण पोटभर जेवलेल्या, कृतज्ञ लोकांना नाही म्हणणे कठीण. तुमच्याकडे भाकरीच्या जागी दिवा आहे.

नास्तिक_पण_वाचक
फरक इतकाच की तुमचे इच्छुक डोंगरावर गेले नाहीत, पहिल्या बाकावर बसले.

अश्दोदकर
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी आहे. घर मूळचे रायगडकडले. इस्राएलमधल्या अश्दोदला येऊन बरीच वर्षे झाली, पण आमच्या घरात आजही मराठी बोलतात. या धाग्यावर यहुदी बाजूनेही कोणी लिहावे असे वाटले.

पहिली गोष्ट. मशीहाने रोमनांचे जू झुगारून द्यावे ही त्या काळच्या यहुदी लोकांची अपेक्षा भोळी किंवा «केवळ ऐहिक» होती, असे ख्रिस्ती प्रवचनांत वारंवार ऐकू येते. गुलामीत असलेल्या लोकांनी सुटकेची आशा धरणे हे आध्यात्मिकदृष्ट्या कमी प्रतीचे कसे? पिलात हा इ. स. 26 ते 36 या काळात यहुदियाचा रोमन अधिकारी होता; त्याचे नाव कोरलेला दगड 1961 मध्ये कैसरिया येथे सापडला आहे. त्याने यरुशलेमसाठी पाण्याचा कालवा बांधायला घेतला आणि त्याकरिता मंदिराच्या खजिन्यातला पैसा वापरला. लोक विरोध करायला जमले तेव्हा त्याने साध्या वेषातले शिपाई सोटे घेऊन गर्दीत पेरले आणि इशारा होताच त्यांनी लोकांना झोडपले. पुष्कळ माणसे मेली. इतिहासकार योसेफस याने हे लिहून ठेवले आहे. विकासकामे पिलातानेही केली होती, हे तुमच्या हायमास्टच्या निमित्ताने आठवले.

दुसरी गोष्ट नाण्याची. कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा का या प्रश्नावर येशूने दिलेले «कैसराचे ते कैसराला» हे उत्तर ज्या नाण्यावरून निघाले, ते तिबिर्य कैसराचे दिनार मानले जाते. त्यावर त्याची मुद्रा असे आणि «देव ऑगस्तस याचा पुत्र» अशा अर्थाचा लेख असे. म्हणजे ते नाणे कर भरायचे साधन होतेच, शिवाय राज्यकर्त्याच्या दैवीपणाची जाहिरातही होते. प्रश्न विचारणाऱ्यांच्या कनवटीला ते मंदिराच्या आवारात निघाले, यातच अर्धे उत्तर आले. खांबावर चित्र आणि त्याखाली लेख असलेल्या फलकाविषयी मी येथे काही म्हणत नाही.

केळबाग
अश्दोदकर, आपण काही म्हणत नाही म्हणता आणि सगळे म्हणून जाता. मीही आजवर «त्यांना केवळ ऐहिक राजा हवा होता» असेच म्हणत आलो होतो. यापुढे जपून म्हणेन.

जुना_उपासक
मी ऐंशीच्या घरात आहे. टंकलेखनाच्या चुका पदरात घ्याव्यात. या विषयावर मराठी ख्रिस्ती माणसाने बोलावे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव निघू नये, हे बरोबर नाही.

टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला. त्यानंतर वीस-बावीस वर्षे त्यांनी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. मिशन म्हणजे त्या काळी शाळा, पगार, बंगला आणि साहेबाचा शब्द. ते परकीय सरकार नव्हते, परंतु गावाकडच्या माणसाला दोन्हींतला फरक कळण्याइतके अंतरही त्यांच्यात नव्हते. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यात बिऱ्हाड केले आणि «देवाचा दरबार» सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसमाज असावा, अशी त्यांची कल्पना होती. 1919 च्या मे महिन्यात ते वारले आणि दरबार फार वाढला नाही.

आता नावाकडे पाहावे. त्या आधी सहाच वर्षे, 1911 च्या डिसेंबरात, दिल्लीला पंचम जॉर्ज बादशहाचा दरबार भरला होता. सातारा म्हणजे छत्रपतींची गादी, जी इंग्रजांनी 1848 मध्ये खालसा केली. ज्या गावातला राजाचा दरबार बुडाला होता, त्या गावात, दिल्लीच्या दरबाराचे कौतुक ताजे असताना, एक निर्धन कवी «देवाचा दरबार» भरवतो. टिळकांच्या मनात ही सांगड होती असे मी म्हणत नाही. साताऱ्याला जाण्याची त्यांची कारणे अगदी घरगुतीही असू शकतील. पण तो शब्द त्या काळच्या कानाला कसा लागला असेल, याचा विचार मी साताऱ्याला गेलो की हटकून करतो.

तळीकाठ
उपासककाका, एक शंका आहे. मिशन सोडून दरबार काढला, म्हणजे शेवटी संस्थाच काढली ना? दोन माणसे जमली की चिटणीस लागतो, चिटणीस आला की शिक्का येतो.

जुना_उपासक
खरे आहे. टिळक फार काळ जगते तर शिक्काही आला असता. मात्र त्यांनी पगार आधी सोडला आणि शब्द नंतर उच्चारला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आम्ही बहुतेक जण क्रम उलटा ठेवतो.

जुनी_वही
मूळ प्रसंग ख्रिस्तराजाच्या सणाचा आहे, म्हणून त्या सणाविषयी लिहिते. अनेकांना हा सण फार प्राचीन वाटतो. तो पोप अकरावे पायस यांनी 1925 मध्ये सुरू केला आणि आरंभी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. उपासना-वर्षाच्या अखेरीस तो नंतर, 1969 च्या सुधारणांत गेला.

1925 हे साल कोणते? मुसोलिनी 1922 पासून इटलीत सत्तेवर होता. पोपकडे स्वतःचे राज्य असे काही उरले नव्हते, कारण मध्य इटलीतल्या त्यांच्या प्रदेशाचा शेवट 1870 मध्ये, इटालियन सैन्य रोममध्ये शिरले तेव्हा झाला होता. एकीकडे «राष्ट्र हेच सर्वस्व» म्हणणारे पुढारी वर येत होते आणि दुसरीकडे भूमी गमावलेला धर्मप्रमुख म्हणत होता की राजांच्या वरही एक राजा आहे. ही गोष्ट भव्य आहे, आणि थोडी संशयास्पदही आहे. गमावलेल्या राज्याची हळहळ त्यात मुळीच नव्हती असे मला वाटत नाही. पुढे चारच वर्षांनी त्याच पोपनी त्याच मुसोलिनीशी लॅटरन करार केला आणि त्यातून चव्वेचाळीस हेक्टरांचे व्हॅटिकन राज्य जन्मले. 1933 मध्ये हिटलरच्या सरकारशीही करार झाला. आणि तरीसुद्धा, 1937 च्या झावळ्यांच्या रविवारी याच पोपचे पत्र जर्मनीतल्या कॅथलिक चर्चमधून वाचले गेले, ज्यात वंश आणि राज्य यांना देवाच्या जागी बसवण्याचा निषेध होता. पत्र देशात गुपचूप आणून छापले होते आणि छापणाऱ्या कित्येक छापखान्यांवर नंतर जप्ती आली.

मेक्सिकोचे उदाहरण आणखी गुंतागुंतीचे आहे. तेथे सरकारने चर्चवर कठोर निर्बंध घातले आणि 1926 ते 1929 या काळात शेतकऱ्यांनी «ख्रिस्तराजाचा विजय असो» या घोषणेखाली सशस्त्र बंड केले. मिगेल प्रो नावाचे जेझुइट धर्मगुरू नोव्हेंबर 1927 मध्ये गोळ्या घालून मारले गेले, तेही हीच घोषणा करत. त्यांच्या हातात मात्र शस्त्र नव्हते, फक्त क्रूस आणि जपमाळ होती. घोषणा एकच. पिलातासमोरच्या वाक्याच्या जवळ कोण होते, बंदूकवाले की हात पसरून उभे राहिलेले प्रो, हे मला उघड दिसते. परंतु ज्याचे चर्च बंद झाले आणि ज्याचा भाऊ मारला गेला त्या शेतकऱ्याला हे सांगायला मी धजणार नाही.

तळीकाठ
मी गोव्याची. आमच्याकडे या प्रश्नाला जुनी जखम आहे. पोर्तुगालच्या राजाला पाद्रोआदो या व्यवस्थेखाली येथले बिशप नेमण्याचा अधिकार होता आणि मिशनचा खर्चही राजाकडेच होता. त्यामुळे गलबतावर क्रूस आणि तोफ बरोबरच आली. 1583 मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळीला पाच जेझुइट आणि त्यांच्या सोबतची काही माणसे गावकऱ्यांच्या हातून मारली गेली. त्या आधी पोर्तुगीज सैन्याने तेथली देवळे पाडली होती. नंतर गावच्या गांवकारांना, म्हणजे प्रमुखांना, बोलणीसाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. त्या पाच जणांचे मृतदेह मिळवून त्यांना मूठमाती देण्यात फादर थॉमस स्टीफन्स होते, ज्यांचे मराठी ओवीबद्ध पुराण पुढे 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. ज्या हातांनी ते देह उचलले, त्याच हातांनी मराठीत ख्रिस्ताची कथा लिहिली, हे मला नेहमी अस्वस्थ करते. ओवी सुंदर आहे. किल्ला तिच्या पाठीशी उभा होता, हेही खरे आहे.

तुमच्या वसईचेच घ्या. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने ती पोर्तुगीजांना दिली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. किल्ल्यातली मोठमोठी चर्चे ओस पडली, छपरे कोसळली, आज तेथे लग्नाआधीची छायाचित्रे काढतात. पण गावागावांतला ख्रिस्ती समाज राहिला. राजाची तोफ गेली तरी लोकांची प्रार्थना थांबली नाही. «येथले नाही» याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

शब्दवेडा
तोफ नसती तर तो समाज मुळात झाला असता का, असा प्रश्न कोणी विचारू शकेल.

तळीकाठ
विचारू शकेल, आणि आम्ही आमच्या घरात तो विचारतोच. आरंभ कसाही झाला असो, पुढची पावणेतीनशेहून अधिक वर्षे कोणी बंदूक रोखून ठेवली नव्हती. नातवंडांचा विश्वास पणजोबांच्या भीतीवर टिकत नाही.

पाणवठा
आतापर्यंतचे सारे प्रतिसाद वाचले. सर्वांनी चर्चच्या हाती सत्ता आली तर काय होते, यावर लिहिले आहे. ज्यांच्या हाती ती कधीच नव्हती, त्यांच्याविषयीही कोणी लिहावे म्हणून मी लिहितो.

माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. गावाने त्यांना पाणवठा दिला नाही आणि मंडळीतही बसण्याच्या जागेवरून एक पिढी कुरबूर झाली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये दर्जाला धर्माशी जोडू नये अशी शिफारस केली, ती कागदावरच आहे. माझे वडील तरुणपणी या मागणीचे निवेदन घेऊन सह्या गोळा करत होते तेव्हा एका पाळकांनी त्यांना नेमके हेच वचन ऐकवले होते: आपले राज्य या जगाचे नाही, आपण सरकारकडे काय मागायचे? त्या पाळकांचा स्वतःचा मुलगा मिशनच्या जमिनीच्या तंट्यासाठी त्याच आठवड्यात कचेरीत खेटे घालत होता.

म्हणून केळबाग यांना माझे उत्तर असे की हे वचन कोण कोणाला ऐकवतो, ते आधी पाहावे. येशूने ते स्वतः बांधलेल्या हातांनी, सत्ताधाऱ्याच्या तोंडावर म्हटले. ते खालच्याला गप्प करण्यासाठी म्हटले गेले की त्याचा अर्थ उलटतो. त्या ज्येष्ठ सभासदांनी ते हार घेणाऱ्याला ऐकवले असते तर मी त्यांचे कौतुक केले असते.

मोहरीचा_दाणा
पाणवठा, तुमच्या प्रतिसादानंतर माझा वरचा प्रतिसाद मला फार गुळगुळीत वाटू लागला आहे.

आमच्या प्रॉटेस्टंट परंपरेतही हेच झाले आहे. प्रॉटेस्टंट पंथाचा जर्मन प्रवर्तक मार्टिन लूथर याने 1523 मध्ये देवाच्या दोन कारभारांविषयी लिहिले: एक वचनाने चालतो, दुसरा तरवारीने. हेतू असा होता की राजाने लोकांच्या श्रद्धेत हात घालू नये. दोनच वर्षांनी शेतकऱ्यांनी बंड केले तेव्हा त्यानेच राजांना ते निर्दयपणे मोडायला सांगितले. पुढे चारशे वर्षे जर्मन चर्चला «तो कारभार वेगळा» म्हणायची सवय लागली आणि नाझी आले तेव्हा ती सवय फार सोयीची ठरली. त्या वेळी 1934 च्या मे महिन्यात जर्मनीतल्या बार्मेनला काही मंडळ्यांनी घोषणापत्र काढून म्हटले की जीवनाचे असे एकही क्षेत्र नाही, जेथे आपण ख्रिस्ताऐवजी दुसऱ्या कोणा धन्याचे आहोत. यहुद्यांच्या छळाविषयी मात्र त्या पत्रात एक शब्द नव्हता. अश्दोदकर हे वाचत असतील, म्हणून हे झाकून ठेवत नाही.

अश्दोदकर
वाचतो आहे. आभारी आहे.

कागदपत्रे
वकील असल्यामुळे नीरस माहिती देतो. प्रार्थनास्थळाचा निवडणूक प्रचारासाठी वापर करू नये, असे आचारसंहितेत स्पष्ट आहे. आचारसंहिता लागू नसली तरी 1988 चा एक केंद्रीय कायदा धार्मिक संस्थेच्या जागेचा राजकीय कामासाठी वापर करण्यास मनाई करतो आणि व्यवस्थापकाला जबाबदार धरतो. धर्माच्या नावाने मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्टाचार ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी सांगितले की धर्म उमेदवाराचा असो वा मतदाराचा, आवाहन चालणार नाही. तो खटला आपल्याच मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाच्या 1990 च्या निवडणुकीतून निघाला होता. कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदाही धर्मगुरूंना सत्तापद घेण्यास आणि पक्षकार्यात भाग घेण्यास मनाई करतो.

थोडक्यात, कैसर आणि देव या दोघांनीही तुमच्या हाराला परवानगी दिलेली नाही.

उंबरठा
सगळे एका सुरात बोलत आहेत, म्हणून मी विरोधी बाजू मांडते. आमच्या उपनगरात ख्रिस्ती लोकसंख्या थोडी आहे. दफनभूमीची भिंत पडली तेव्हा चार वर्षे आम्ही अर्ज केले. शेवटी एका नगरसेवकाला नाताळच्या कार्यक्रमाला बोलावले, शाल दिली, आणि भिंत पावसाळ्याआधी उभी राहिली. माझ्या आजीची कबर त्या भिंतीलगत आहे. तुम्ही सर्व जण येथे टिळक आणि लूथर सांगत आहात, परंतु अल्पसंख्य समाजाला दार ठोठवायला कोणाचा तरी हात लागतो. शाल ही लाच नव्हे, आपल्याकडची रीत आहे. ती घातली म्हणून ख्रिस्ताचे राज्य बुडाले असे मला वाटत नाही.

पाणवठा
उंबरठाताई, भिंत हा तुमचा हक्क होता. चार वर्षे तो अडवून ठेवला गेला आणि मग तो उपकार म्हणून परत मिळाला. शाल त्या उपकाराची पावती झाली. माझा राग तुमच्यावर नाही.

उंबरठा
हक्क होता, हे मलाही कळते. पण पावसाळा जवळ आला होता.

जुनी_वही
उंबरठा यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही, पण वसईतच दुसऱ्या वाटेचे उदाहरण आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची शेती, विहिरींचे पाणी आणि झाडे बिल्डरांच्या घशात जाऊ लागली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेच हे फादर. त्यांनी पक्ष काढला नाही आणि पदही घेतले नाही. त्या काळी तेथे दहशतीविरुद्ध बोलणे म्हणजे काय होते, हे केळबाग अधिक सांगू शकतील. चळवळीने सारी वसई वाचली असे कोणी म्हणणार नाही. आज तेथे उभ्या असलेल्या इमारती दिसतातच. पण समाज म्हणून सत्तेशी बोलायचे तर शाल हा एकच मार्ग आहे, हे त्यामुळे खोटे ठरते.

केळबाग
त्या सभांना मी वडिलांच्या सायकलवर पुढे बसून गेलो आहे. मला भाषणे आठवत नाहीत. घरी परतताना वडिलांनी दिवा न लावता आडवाटेने सायकल चालवली, एवढे आठवते. कारण कित्येक वर्षांनी कळले.

शब्दवेडा
एक पूरक गोष्ट. मराठी बायबलमधला «कैसर» आणि इंग्रजांची «कैसर-ए-हिंद» ही पदवी, हे एकाच शब्दाचे दोन प्रवास आहेत. पंडिता रमाबाईंना 1919 मध्ये कैसर-ए-हिंद पदक मिळाले होते. म्हणजे कैसराचे नाणे या वेळी उलट दिशेने आले! ख्रिस्ती सदस्यांना याविषयी काय वाटते?

मोहरीचा_दाणा
पदक मिळाले, खरे आहे. त्याच रमाबाईंनी 1897 च्या प्लेगच्या वेळी पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची कशी विटंबना होते, हे वर्तमानपत्रात उघड लिहिले होते आणि मुंबईच्या गव्हर्नरांना त्यावर खुलासा करावा लागला होता. इंग्लंडमध्ये ज्या धर्मभगिनींकडे राहून त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांनाही त्यांनी पत्रातून कळवले होते की सदसद्विवेक मी बिशपांच्या स्वाधीन करणार नाही. सरकार ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, म्हणून गप्प बसावे असे त्यांना वाटले नाही. पदक त्यांनी केडगावला कोठे ठेवले असेल, याचे मला कुतूहल आहे.

नास्तिक_पण_वाचक
मी चेष्टा करायला आलो होतो आणि पूर्ण धागा वाचून बसलो. एक प्रामाणिक प्रश्न विचारतो. परिषदेच्या पुढच्या बैठकीत काय झाले?

केळबाग
परवाच झाली. मी वचन उद्धृत केले नाही. शब्दवेडा यांची केळी सांगितली, लोक हसले, आणि मग पाणवठा यांचा प्रश्न नाव न घेता मांडला: हे वाक्य येशूने कोणाला उद्देशून म्हटले होते? थोडा वेळ कोणी बोलले नाही. त्या ज्येष्ठ सभासदांनीच शेवटी म्हटले, «पिलाताला.» त्यानंतर चर्चा दिव्यावरून पेव्हर ब्लॉकवर आणि तेथून नाताळच्या गोठ्याच्या खर्चावर गेली, पण दोन ठराव झाले. मिस्सानंतर ध्वनिक्षेपकावर फक्त धर्मग्रामाच्या सूचना वाचल्या जातील. पहिला बाक कोणासाठीही राखून ठेवला जाणार नाही. शालीविषयीचा तिसरा ठराव एका मताने पडला; उंबरठाताईंसारखेच बोलणारे आमच्याकडेही आहेत, आणि त्यांचीही भिंत कोठे ना कोठे पडलेली आहे.

कागदपत्रे
आणि खांबावरचा फलक?

केळबाग
तो रस्त्यावर आहे, आमच्या हद्दीत नाही. आचारसंहिता लागली की पालिकेची माणसे येऊन तो कागदाने झाकतील. मागच्या वेळी झाकला होता तेव्हा पावसाने कागद अर्धा सुटला आणि फक्त डोळे दिसत होते.

अश्दोदकर
त्या दोन वृद्ध स्त्रिया कोठे बसतात आता?

केळबाग
तिसऱ्याच बाकावर. म्हणतात, तेथे पंखा चांगला लागतो.